लॅमरबरोबर एका होडीत

व्हर्नेल स्टॅम्प्स आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवार आला की बास मासे धरायला तलावावर हजर. बसमध्ये तोंडाचा पट्टा सतत चालू, होडीत मात्र मुकी. अंगानं धिप्पाड, खांदे रुंद, केस कानापाशी कापलेले आणि उजव्या अंगठ्याची कातडी कानशीसारखी खरखरीत. बास उचलायचा तर त्याच्या जबड्यात अंगठा घालूनच, आणि तिनं तसे किती उचलले असतील याला गणतीच नाही. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, पहाटे उठून मला कॉफी करून देणारा दाखवा, उद्या करते. तसला बाप्या आमच्या अलाबामात अजून जन्माला यायचाय.

मी ओपल. टॅलाबी तलावाच्या काठी, होड्या पाण्यात सोडायच्या उतारालगत माझं आमिषांचं दुकान आहे. बर्फ, बिअर, गळ, जिवंत मासोळ्या आणि फुकटच्या थापा, सगळं एकाच छपराखाली मिळतं. व्हर्नेलला मी ती फ्रॉकात होती तेव्हापासून ओळखते. लोक तिला विचारायचे, बाई, बासला आवडतं तरी काय? ती उलट विचारायची, किती वाजता? हाच तिचा सगळा धर्म. उजाडताना मासा काठच्या पाणगवतात भूक घेऊन आलेला असतो, तेव्हा पाण्यावरून वळवळत जाणारा लाकडी खोटा मासा. ऊन चढलं, वारा सुटला की पत्र्याची पाती भिरभिरणारं आमिष, कारण लाटांत त्याला नीट दिसत नाही, नुसती चमक दिसते आणि तो खवळतो. दुपारी तो खोल जातो, मग तळाशी रबरी गांडूळ, आणि तेही इतकं सावकाश ओढायचं की माणसाचा जीव कंटाळून जावा. दुपारी घाई करणाऱ्यानं घरी जाऊन झोपावं, असं तिचं म्हणणं होतं.

तिला एकच बहीण, लुवेन, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून लुवेनला व्हर्नेलनंच वाढवलं. आणि एवढं वाढवल्यावर लुवेननं लग्न कुणाशी केलं, तर लॅमर टिडवेलशी. लॅमर दिसायला देखणा, बोलायला गोड, लाकडाच्या गिरणीत मुकादम, आमच्या मासेमारी क्लबचा मेंबर. घराचं दार लावलं की राक्षस. सहा वर्षं तो तिला मारत होता आणि सहा वर्षं सगळ्यांना ते ठाऊक होतं. हॉलिस मॅकनॅब हा क्लबचा अध्यक्ष, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. तो म्हणायचा, नवराबायकोचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा. शेरीफच्या कचेरीत व्हर्नेल दोनदा जाऊन आली. तिथला एक पोऱ्या हवालदार म्हणाला, रक्त निघालं की बोलवा. मुडदा बसवला त्याचा.

फेब्रुवारीत लुवेन पळाली ती थेट माझ्या दारात आली. कुठल्या अवस्थेत आली ते माझ्यानं सांगवत नाही. मी तिला दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. लॅमर दर शनिवारी माझ्याकडे बिअर घ्यायला यायचा आणि त्याची बायको दहा पावलांवर भिंतीपलीकडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यानं सगळीकडे शोधलं. मिसिसिपीतल्या मावशीकडे गेला, पाद्र्याच्या घरी गेला, व्हर्नेलच्या घराचं दार लाथेनं मोडलं. ट्रकमध्ये बंदूक ठेवून फिरायचा आणि माझ्याच दुकानात उभा राहून, हसत हसत, सांगायचा की सापडली की पुरून टाकणार आहे. मी त्याला सुटे पैसे द्यायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

शेडमध्ये बसून लुवेन रबरी गांडुळं ओतायची. तो तिचा जुनाच उद्योग. स्टोव्हवर रबर पातळ करायचं, रंग घालायचा, बडीशेपेचं तेल घालायचं, साच्यात ओतायचं आणि शेपूट गरम असतानाच चिमटीत धरून चपटं करायचं. तसं शेपूट दुसऱ्या कुणाला साधत नाही. लॅमर ओळखेल म्हणून ती गांडुळं मी विकायची नाहीत असं आमचं ठरलं होतं, पण तिच्या हातांना काम हवं होतं, म्हणून मी तिला ओतू दिलं आणि व्हर्नेल तेवढी घेऊन जायची.

जूनमधली गोष्ट. क्लबच्या स्पर्धेला आमच्याकडे जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. आदल्या संध्याकाळी सगळे माझ्या दुकानात जमतात, हॉलिस टोपीत हात घालतो आणि ज्याचं नाव ज्याच्याबरोबर निघेल त्यानं त्याच्याबरोबर एका होडीत दिवस काढायचा. नाही म्हणालात तर वर्षभर क्लबच्या बाहेर. दिवसभर जोडीदाराला सोडायचं नाही आणि वजनाला दोघांनी एकाच होडीतून परत यायचं. त्या संध्याकाळी हॉलिसनं व्हर्नेलचं नाव काढलं, पुन्हा टोपीत हात घातला आणि लॅमरचं काढलं. हॉलिस शहाणा असता तर त्यानं ती चिठ्ठी पुन्हा टोपीत टाकली असती, पण नियम म्हणजे नियम.

मी व्हर्नेलला मासोळ्यांच्या टाकीमागे ओढलं. म्हटलं, आजारी पड, होडी बिघडली म्हणून सांग, काहीही कर. तिनं मान हलवली.

"ओपल, उद्याचा दिवस तो माझ्या होडीत असेल. म्हणजे रस्त्यावर नसेल. चार महिन्यांत एक दिवस तरी त्या पोरीला दार उघडं टाकून बसू दे."

निघताना तिला एवढंच बजावलं की लुवेननं ओतलेलं एकही गांडूळ होडीत राहता कामा नये. तिनं डबा उघडून माझ्यासमोर सगळी काढून ठेवली.

पुढचं मला तिनं दवाखान्यात सांगितलं, अर्ध्या तोंडानं, कारण उरलेलं अर्धं शिवलेलं होतं.

उजाडता उजाडता ती दोघं तलावाच्या उत्तरेकडच्या खाडीत होती. व्हर्नेल पुढे, लॅमर मागे. दोघांनी लाकडी मासे लावले होते, पोटाशी एक आणि शेपटाशी एक तीनतोंडी गळ असलेले. पहिला मासा तिनं धरला, दुसराही तिनंच. लॅमरचे मासे सुटत होते, कारण माशानं पाणी फोडलं रे फोडलं की तो झटका मारायचा. व्हर्नेलचं म्हणणं असं की पाणी फुटलेलं बघायचं आणि थांबायचं, गळाच्या काठीला वजन लागलं की मगच ओढायचं. तिनं त्याला ते सांगितलंही. त्यानंतर त्यानं आमिष फेकलं ते तिच्या डोक्यावरून. गळ तिच्या कानाच्या पाळीत रुतला आणि लॅमरनं, वजन लागलं म्हणून, ओढलं. पाळी फाटली. तो म्हणाला, "माफ करा हं मेव्हणीबाई, हात घसरला."

तिनं रुमाल बांधला आणि मासे धरत राहिली. सकाळभर तो तिच्या पाठीशी बोलत होता. लुवेन कुठाय, कुणाकडे आहे, कोण जेवायला घालतंय. मग ती सापडल्यावर काय काय करणार ते सावकाश, एकेक करून सांगायचा. व्हर्नेल म्हणाली, वारा सुटल्यावर मला बरं वाटलं, पात्याच्या आमिषाला जोरात ओढावं लागतं, त्या आवाजात त्याचं निम्मं ऐकू येत नव्हतं. दहाच्या सुमाराला त्यानं एक मोठा मासा धरला आणि तिच्याकडे बघत होडीच्या कडेवर आपटून मारला. मेलेल्या माशाचं वजन धरत नाहीत, त्यानं दंडच होतो. तरीही मारला.

बारा वाजता उकाड्यानं तलाव तापला. धरण झालं तेव्हा बुडालेला एक जुना रस्ता आहे, पंचवीस फूट पाण्याखाली. दुपारी मोठे बास त्या रस्त्याच्या कडेला उभे असतात हे व्हर्नेलला माहीत. तिनं नांगर टाकला आणि रबरी गांडूळ लावलं, बाजारचं, जुनं, कडक झालेलं. मासे त्याला तोंड लावायचे आणि थुंकायचे. काठीतून तिला कळत होतं, खाली मोठा आहे, घेतोय आणि सोडतोय. तीनदा घेतलं, तीनदा सोडलं. आणि तिथं ती चुकली. रेनकोटच्या खिशात लुवेनच्या गांडुळांची गेल्या आठवड्याची एक पुडी राहिली होती. ती मला म्हणाली, "मी ठरवलं नाही गं. हात गेला." मी तिच्यावर चिडणार होते, पण चिडता आलं नाही. त्या पाण्यावर, त्या वेळेला, योग्य आमिष जवळ असताना भलतंच लावणं तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

पहिल्याच फेकीला मासा आला. आठ पौंडांच्या वर. तिनं अंगठा घालून उचलला, गळ काढला, मासा होडीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला. गांडूळ होडीत पडलं होतं. लॅमरनं ते उचललं आणि नाकाशी नेलं.

सहा वर्षं तो वास त्याच्या स्वयंपाकघरात होता. त्यानं शेपूट बोटांत चिरडून बघितलं. बोटांना तेल लागलं. ओतून महिना झाला की रबरातलं तेल सुकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"हे आठवड्याभरातलं आहे," तो म्हणाला. मग विचार करू लागला. व्हर्नेल म्हणाली, त्याचा आवाज बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सकाळी त्या दुकानवाल्या म्हातारीच्या शेडचा पंखा चालू होता."

तो उठला. ती त्याच्याआधी होडीच्या मधल्या सुकाणूपाशी पोचली, इंजिनाची किल्ली उपसली आणि पाण्यात फेकली. त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली. दुसऱ्या बुक्कीला तिचे दोन दात गेले. ती पुढच्या टोकाला रांगत गेली, कारण तिथं विजेची छोटी मोटर होती आणि त्या मोटरवरही होडी काठाला लागली असती. तिच्या हातात गळ काढायची पक्कड होती. तिनं वायर तोडली. मग त्यानं वल्हं उचललं. पहिला घाव पाठीवर, दुसरा तिनं डाव्या हातावर झेलला. हात मोडला, वल्हंही मोडलं. त्यानं तिचे केस धरून डोकं पाण्यात दाबलं, वर काढलं, दुसरी किल्ली कुठाय विचारलं, पुन्हा दाबलं. दुसरी किल्ली नव्हतीच. असती तरी तिनं दिली नसती, जन्माची हट्टी बाई ती. शेवटी त्यानं तिला होडीच्या तळात टाकून बरगड्यांत लाथा घातल्या आणि काठाकडे बघितलं. काठ फार लांब नव्हता. काठावरून डांबरी रस्ता, आणि रस्त्यानं मैलभरावर माझं दुकान. त्यानं बूट काढले आणि उडी मारली.

त्या वेळी मी दुकानात बर्फाच्या पिशव्या भरत होते आणि लुवेन शेडच्या दारात उन्हात पाय टाकून बसली होती, गाणं गुणगुणत. चार महिन्यांत पहिल्यांदा.

व्हर्नेल एका डोळ्यानं बघत होती, दुसरा मिटला होता. होडीत सहा काठ्या, प्रत्येकीला वेगळं आमिष. गांडुळाचा एकच गळ, तोही रबरात लपलेला, लागणार नाही. पात्याचं आमिष हलकं, वाऱ्यात भरकटेल. तिनं सकाळचा लाकडी मासा उचलला, जड, लांब जाणारा, जाड दोऱ्यावरचा, दोन तीनतोंडी गळांचा. उजव्या हातानं फेकला. अलीकडे पडला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा फेकला. तो त्याच्या खांद्यापलीकडे पडला. तिनं झटका मारला नाही. हळू ओढत आणला, काठीला वजन लागेपर्यंत थांबली, आणि मग होतं नव्हतं तेवढं बळ लावून मारला.

एक गळ खांद्यात गेला, दुसरा मानेखाली. तो पाण्यात उलटला आणि किंचाळला. दोरा तोडायला सुरी बुटात होती आणि बूट होडीत. पोहायला हात मारला की गळ आत जायचा. तिनं काठी मांड्यांत धरली आणि उजव्या हातानं रीळ फिरवत राहिली. नांगर पक्का होता, होडी हलली नाही, लॅमर आला. आधी शिव्या देत, मग नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत. होडीच्या कडेला त्यानं हात धरला तेव्हा तिनं दोरा खुंटीला आखूड बांधला, इतका आखूड की त्याची हनुवटी पाण्याबाहेर राहील आणि बाकीचं काही नाही. मग त्याच्या बोटांपाशी पक्कड ठेवून बसली. वर चढायचा प्रयत्न केलास तर बोटं तोडीन, म्हणाली. त्यानं एकदा केला. करंगळी आता वाकडीच आहे त्याची.

तीनला वजन. सगळ्या होड्या आल्या, ही नाही. तेव्हा हॉलिस शोधायला निघाला आणि दोघांना घेऊन आला. व्हर्नेलला बघून मी ओळखलंच नाही. लॅमरला त्यांनी एका ट्रकच्या मागच्या उघड्या फळीवर पालथा निजवला. मानेजवळचा गळ कुणी काढायला धजेना, तालुक्याहून रुग्णवाहिका यायची होती. लाकडी मासा त्याच्या पाठीवर तसाच आणि त्याचा दोरा फळीवरून खाली लोंबत होता. क्लबचे पाचपंचवीस पुरुष भोवती. आणि काय बोलत होते, तर बाईनं हे अतीच केलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली.

लुवेन आली होती. मी तिला शेडला आतून कडी घाल म्हणून ओरडले होते, पण ती अनवाणी चालत आली. आधी बहिणीपाशी गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला. मग ट्रकपाशी आली. लॅमर तिला बघून रडायला लागला. घरी चल म्हणाला, चुकलं म्हणाला, बघ तुझ्या बहिणीनं काय केलं म्हणाला. सगळ्यांना वाटलं ती गळ काढणार, हात हलका होता तिचा. तिनं लोंबणारा दोरा उचलला आणि मुठीला गुंडाळला.

"लॅमर, दर वेळी दुसऱ्या दिवशी तू काय म्हणायचास? प्यायलो होतो, मला काही आठवत नाही. आता आठवून बघ. माझा दात कधी पाडलास?"

तो म्हणाला, खरंच आठवत नाही गं. तिनं दोरा ताणला, फार नाही. तो ओरडला आणि म्हणाला, ईस्टरला. जेवणाआधी.

"मनगट?"

ट्रकच्या दारात, तो म्हणाला. दार दोनदा लावलं. हॉलिस पुढे झाला, लुवेन, बास कर, दोरा सोड, म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. पट्टा, बंद केलेली खोली, हिवाळ्यात बाहेर काढून ठेवलेली रात्र. आवाज हळू, पण सगळ्यांना ऐकू येत होता. पुरुष आपापल्या बुटांकडे बघत होते. एवढ्यात शेरीफची गाडी आली, तोच पोऱ्या खाली उतरला आणि इथं काय चाललंय म्हणून विचारू लागला. मग हॉलिसनं डोक्यावरची टोपी काढली.

"तो सांगतोय," हॉलिस म्हणाला. "तुम्ही लिहून घ्या."

पोऱ्यानं वही काढली. लुवेननं आपला उजवा पाय वर करून फळीच्या कडेवर ठेवला. पावलाची वरची कातडी सगळी चुरगळलेली, लालबुंद, बोटं एकमेकांना चिकटलेली. मी ते पाऊल चार महिने धुतलं होतं, मलम लावलं होतं, आणि तरी मला तिकडे बघवेना.

"हे?" ती म्हणाली. या वेळी तिनं दोरा ताणला नव्हता.

"स्टोव्हवरचं रबर," लॅमर म्हणाला. "भांडं उचलून ओतलं. लाल होतं. चमकी घातलेलं."

लुवेननं पाय खाली घेतला. मुठीचा दोरा सोडवला, त्याला वेळ लागला, कारण तो हातात रुतला होता.

"रंगसुद्धा आठवतो," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

मग रुग्णवाहिका आली. तिच्यात जागा दोघांना होती, पण व्हर्नेलबरोबर लॅमरला ठेवायचं कुणी सुचवलं नाही. लुवेन बहिणीशेजारी चढून बसली, तिचा मोडका हात मांडीवर घेतला आणि दार लावून घ्या म्हणाली.